सारजाबाईंच्या नावाचे दोन हप्ते

दादा, दंड मुद्दाम लावून घेतलास का, असं फोनवर तिसऱ्यांदा विचारलंस. व्हय, मुद्दाम. आता कागदावरच देतो, म्हणजे परत विचारायचं काम न्हाय.

मी लखन गेणू कोकरे, वय चोवीस, आठवी नापास, मूळ राहणार कळंब, तालुका इंदापूर, सध्या अरुणाचलात विजेच्या टॉवरवर कामाला. मागच्या आठवड्यात आमच्यातला एकजण वरून पडला, तर त्याच्या घरचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. म्हणून डोकं ठिकाणावर असताना, दारू न पिता, कुणी न सांगता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

एक. घरातला माझा हिस्सा थोरला भाऊ दादासाहेब याला. त्यावर कुणी बोलू नये. मीपण.

दोन. आईचं वॉशिंग मशीन राजनंदिनी वहिनींना. आई वालचंदनगरला क्वार्टरमधे धुणी धुवायची. तिथल्या एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या, "मशीन कशाला, सारजा स्वस्तात पडते." त्याच रागात बारामतीला जाऊन मशीन हप्त्यावर घेतलं. मोबाईलचे हप्ते बुडवलेले, म्हणून माझ्या नावावर देईनात. आईच्या आधारवर घेतलं. दुकानात तिचा अंगठा चार वेळा पुसून लावला तरी उमटेना. धुऊन धुऊन रेघाच झिजलेल्या.

घरी आल्यावर म्हणाली, "आरं लखन्या, नळाला पाणी दिवसाआड. ह्याला काय पाजू?" एकदाच लावलं, झाकणातनं बघत उभी राहिली. मग त्यात घोंगडी ठेवली ती अजून तिथंच. वहिनी, घोंगडी काढा आणि मशीन वापरा.

तीन. आई गेली तेव्हा दादा म्हणाला, "फायनान्सवाल्यांना मृत्यूचा दाखला दे, कर्जाच्या विम्यात उरलेलं माफ व्हतंय." हिशोबानं खरं होतं. पण दर महिन्याला आईच्या फोनवर मेसेज येतो, 'सारजा गेणू कोकरे, आपला हप्ता जमा झाला, धन्यवाद.' तो फोन मी इकडं घेऊन आलोय. दाखला दिला की त्यांच्या कागदावरपण ती मेली. दोनच हप्ते राहिले, ते भरले की मेसेज बंद, तेव्हा माझा हात थांबला. एक चुकवला. दंडाचा मेसेजपण तिच्याच नावानं आला. लाज वाटते, पण बरं वाटलं.

वसुलीवाला दारात येऊन "सारजाबाई हायत का?" विचारंल, आणि दादाची सहा वर्षांची स्वराली त्याला हाताला धरून आजीच्या फोटोपुढं नेईल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. वहिनी सांगत होत्या, तो हेल्मेट काढून नुसता उभा राहिला. तेव्हापासून टॉवरवर चढताना कमरेचा पट्टा दोनदोनदा तपासतो.

तरीपण दाखला देऊ नका. आईनं कधी कुणाकडनं माफ करून घेतलं नाही. तिच्या नावापुढं 'फेडलं' असंच आलं पाहिजे.

चार. आईचा फोन स्वरालीला. नंबर बंद पडू देऊ नका. माझे पाने आणि पक्कड कॅम्पातल्या दीपकला. उसने म्हणून नेतो, ते हक्कानं नेऊ दे.

सही: लखन गेणू कोकरे
समक्ष सह्या: दीपक महादेव बंडगर, ऋषिराज तानाजी देवकाते
लेबर कॅम्प, पासीघाट. १४ नोव्हेंबर २०२५

दादा, दोन्ही हप्ते दंडासकट आजच तुझ्या खात्यावर टाकतोय. तू स्वतः बारामतीला जाऊन भर. भरायच्या आधी मला फोन कर, मेसेज येईल तेव्हा मला जमिनीवर असायचंय. रुपये चार हजार एकशे दहा.