विमानाचे नऊ तास

प्रिय ताई,

तुला नि भावजींना नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे?

मी मजेत आहे. आईला सांग, हे काही जगाच्या टोकाला नाही. विमानाचे नऊ तास, बसचे चार, इकडेतिकडे दोन धर. पहाटे निघालेला माणूस रात्री घरच्या ताटावर!

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

माझ्या खोलीतला वेल्डर सोमवारी सुट्टीवर गेला. साहेबांचीच गाडी न्यायला आली होती. शनिवारी त्याच्या बायकोचा फोन आला, "अजून कसे पोचले नाहीत?" कंपनीचा कारकून म्हणाला, "विमानाला उशीर झाला असेल." पाच दिवस, ताई?

आमचे पासपोर्ट कारकुनाकडेच असतात. आज त्याचं कपाट उघडं होतं. वेल्डरचा पासपोर्ट सगळ्यात वर, बायकोने शिवलेल्या निळ्या कव्हरात.

परांची कोसळून दोघं गेले, त्याची तक्रार आम्ही केली होती. सह्या दोनच, वेल्डरची नि माझी.

काल साहेब हसून म्हणाले, "तुझीही सुट्टी मंजूर. एक तारखेला गाडी येईल."

मी सुट्टी मागितलीच नव्हती.

गाडीत बसण्याआधी फोन करीन. तिथून पंधरा तास मोज. सोळाव्याला आईला काही न सांगता हे पत्र घेऊन पोलिसात जा.

तुझा धाकटा