उणे अठ्ठावीसची लाल रेघ

२४ मार्च

पाणी मोजायचा खांब कोरडा. वारा ईशान्येचा, जोराचा.

मुलगा, तासबोलात, काल संध्याकाळी समुद्रावरून यायला हवा होता. नौरीझच्या सणाची कोझे, दह्यातली धान्याची पेज, त्याच्यासाठी वाडगाभर झाकून ठेवली होती. आज सकाळी ती कुत्र्यालाही घालवेना. नुरझामाल, माझी सून, म्हणते, "वाऱ्यामुळे कुठेतरी आडोशाला थांबले असतील, आपा." मी म्हटलं, असतील. दोघी एकमेकींची समजूत घालतोय आणि दोघींनाही ते ठाऊक आहे.

२५ मार्च

खांब कोरडा.

गावातला मासेमार ओरिनबासार दारात उभा राहिला, टोपी हातात. आत येईना. चाळीस वर्षं हा माणूस दार न वाजवता थेट चहापाशी येऊन बसतो.

"जिवंत आहे, वहिनी," आधी तेच बोलला. मग बाकीचं. दक्षिणेकडच्या शेजारी देशाच्या गस्तीने माझ्या मुलाला धरलंय. त्यांच्या राखीव पाण्यात मासे मारले म्हणून. बोट अडकवली, त्याला त्यांच्या बंदरावर ठेवलंय.

"जेवतो का?"

"जेवतोय म्हणे. तुझी आठवण काढतोय."

दुसरं खोटं होतं. सांगताना कान खाजवला त्याने. तरी बरं वाटलं.

२९ मार्च

खांब कोरडा.

अक्ताउ शहरातून कागद आला. चार पानं, शिक्क्यांनी भरलेली. जप्त सामानाची यादी: बोट एक, इंजिन एक, बर्फाचे खोके सहा, केफाल मासे दोन खोके. जाळ्यांचं नाव नाही. लिहायला विसरले असतील.

पकडल्याचं ठिकाण: त्यांच्या किनाऱ्यापासून चोवीस मैल. खटला उभा राहिला तर दोन ते चार वर्षं. नुरझामालने ते वाक्य तीनदा वाचलं, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर आकडा कमी होणार होता.

३० मार्च

खांब कोरडा. झोप नाही. गुडघे दुखतात.

२ एप्रिल

खांब कोरडा. धुकं.

आज बौर्साक तळायला घेतले. घरात माणसं विचारपूस करायला येतात, त्यांच्यापुढे काही तरी ठेवायला हवं. कणकेची फळी पिठाने पांढरी झाली होती, तिच्यावरच बोटाने किनारा काढून सुनेला समजावलं. ही पहिली पट्टी, पंधरा मैल. हे घराचं अंगण. परक्याला यातून जाता येतं, पण सरळ, न रेंगाळता, काही न उचलता. बोट बिघडली किंवा वादळ आलं तरच थांबायची मुभा. त्यापुढचे दहा मैल: वाट सगळ्यांची, मासा मात्र फक्त घरमालकाचा. आणि त्याच्याही पलीकडे या समुद्राकाठच्या पाचही देशांचं सामाईक पाणी. तिथे कोणी कोणाला हटकायचं नाही.

"म्हणजे पंचवीसच्या आत धरतात," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे चोवीसवर होते."

"हो."

"एका मैलासाठी, आपा?"

तळण करपलं तेवढ्यात.

मी सातवी शिकलेली बाई. हे सगळं तीन हिवाळे जिल्ह्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वहीत उतरवून घेतलं. नवरा हसायचा. म्हणायचा, जांगिल, आता तू समुद्राचीही वाटणी करणार. तो गेल्यावर कोणी हसायलाही उरलं नाही, म्हणून आणखी वाचलं.

४ एप्रिल

खांब कोरडा. पण आज त्याच्यापाशी बराच वेळ बसले.

एकतीस वर्षं हा खांब मी वाचला. पूर्वी पाण्यात उभा होता, धक्क्याच्या टोकाशी. रोज सकाळी आठला पाणी कितीवर आहे ते बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं. आमचा समुद्र जगातल्या समुद्रांच्या मानाने खोलगटात, म्हणून आकडे उण्यात. उणे सत्तावीस, उणे साडेसत्तावीस. उणे अठ्ठावीसची रेघ मी स्वतः लाल रंगाने काढली, दर वसंतात नवा हात दिला. मग पाणी खाली गेलं, आणखी खाली गेलं. कचेरी बंद झाली. आता पाणी इथून तीन मैल लांब. पुरुष ट्रॅक्टरवर बसून बोटींकडे जातात. खांबाला उंट अंग घासतात.

बसल्या बसल्या मनात आलं, कागदावर लिहिलंय "किनाऱ्यापासून". कुठल्या किनाऱ्यापासून?

घरी आले, वही काढली. आठ नंबरचं पान. माझ्याच अक्षरात आहे: मोजणी सुरू करायची ती उणे अठ्ठावीसच्या पातळीच्या रेघेवरून. पाणी आज कुठे आहे त्यावरून नाही, जुना किनारा खांबापाशी होता तिथून.

त्यांच्या गस्तीने आजच्या पाण्यापासून मोजलं. मोजणारच. आमच्या गावातही सगळे तसंच मोजतात. पाणी सुरू होतं तिथून समुद्र सुरू होतो, कोणाला शंका येते?

त्यांचा जुना किनारा आत किती आहे ते कळलं पाहिजे.

५ एप्रिल

खांब कोरडा.

ओगुलसोनाला फोन लावला. ती त्यांच्या बाजूचा खांब वाचायची. एकच देश होता तेव्हा रोज आठला तिचा आवाज यायचा, आधी आकडा, मग चुलीवर काय शिजतंय ते. भेट आयुष्यात दोनदाच. आता नंबर शोधायला तिच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका कामी आली.

"कोण? जांगिल? अगं, मला वाटलं मेलीस!"

"तुझ्या आधी नाही मरत."

बरंच हसलो. मग मुलाचं सांगितलं. मग विचारलं, तुझ्या खांबापासून पाणी किती लांब?

"जांगिल, माझे दोन जावई मासेमार आहेत," म्हणाली. आणि नंतर, "उद्या कर फोन."

६ एप्रिल

खांब कोरडा. फोन तिनेच केला.

"चार मैल. जावयाच्या गाडीतून मोजून आले. कशाला मोजतेय ते त्याला सांगितलं नाही."

"हे लिहून सही करशील?"

"इतकी वर्षं तू आकडा सांगितलास आणि मी तो उलटून विचारला नाही. तू विचारलास तर मी खोटा कसा देऊ?"

चोवीस आणि चार. अठ्ठावीस. माझा मुलगा सामाईक पाण्यात होता.

नुरझामालला सांगितलं तर ती भांडी घासता घासता खाली बसली आणि साबणाच्या हातांनी तोंड झाकून घेतलं.

८ एप्रिल

खांब कोरडा.

हे मला आधीच दिसायला हवं होतं. दिसलंही असेल, मी बघितलं नाही.

ओरिनबासार चहाला आला. मी आनंदाने सगळं सांगितलं. तो साखरेचा खडा दातात धरून ऐकत होता. मग खडा काढून बशीत ठेवला.

"म्हणजे त्यांचे पंचवीस खांबापासून."

"हो."

"मग आपलेही."

मी चहा ओतायला घेतला.

"चहा राहू दे, वहिनी. आपलेही?"

"आपलेही."

तासकुम. पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, गावातल्या अकरा घरांचा मासा तिथे. ओरिनबासारच्या बापाने शोधला. पाण्यापासून तेवीस मैल, म्हणून आजवर परक्या बोटी लांबूनच जायच्या. खांबापासून सव्वीस.

"तू बोललीच नाहीस तर?"

"तर तासबोलात तिथेच राहील."

"आणि बोललीस तर पाच देशांच्या बोटी माझ्या बापाच्या वाळूवर." तो उठला. "लोक खांबाला गाढव बांधतात. तू आमची पोटं बांधलीस."

चहा तसाच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

११ एप्रिल

खांब कोरडा. दुकानात बायका बोलत होत्या, मी गेले तशा मिठाचा भाव विचारू लागल्या.

१२ एप्रिल

खांब कोरडा.

मनात आलं, कायदा मी केला नाही. मी नाही सांगितलं तरी तो तसाच आहे. पण हेही खरं की तो वहीत झोपलेला होता आणि त्याला उठवणारी मीच. तासबोलातचा सदरा धुतला नुरझामालने आज, स्वच्छच होता.

१४ एप्रिल

खांब कोरडा.

सुटकेसाठी पत्र लिहिलं. दोन्ही खांबांची माहिती, लाल रेघेचा फोटो, एकतीस वर्षांच्या नोंदवह्यांचे क्रमांक. खाली माझी सही, तिकडे ओगुलसोनाची. आमची केस बघणाऱ्या अक्ताउच्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "आजी, हे तुम्ही एकटीनेच शोधलंत?" म्हटलं, शोधलं कुठे? वहीवरची धूळ पुसली फक्त.

टाकण्याआधी पाकीट घेऊन ओरिनबासारच्या घरी गेले. माझ्या तोंडून कळावं म्हणून. तो अंगणात जाळी विणत होता. मान वर केली नाही. "माझा मुलगा असता तर मीही टाकलं असतं," म्हणाला. "तरी तुला माफ नाही केलेलं."

"नको करू," म्हटलं. "पण चहाला ये."

२६ एप्रिल

खांब कोरडा. काही नाही.

३ मे

खांब कोरडा. काही नाही. ओगुलसोनाचे जावई तिच्याशी बोलत नाहीत.

११ मे

खांब कोरडा.

सकाळी ट्रॅक्टर अंगणातच घुसला, कोंबड्या उडाल्या. ओरिनबासार वरूनच ओरडला, "सुयिनशी, वहिनी! सोडला! बोटीसकट सोडला!"

सुयिनशी म्हणजे आनंदाची बातमी आणणाऱ्याचा हक्क, तो मागेल ते द्यायचं. मी रडत होते, हसत होते, म्हटलं, माग बाबा, काय हवं ते माग.

तो खाली उतरला. आत येऊन चहापाशी बसला. आणि म्हणाला, "तासकुम परत दे."

मग त्यानेच माझा हात थोपटला. "राहू दे. बौर्साक दे चार, ताजे असतील तर."

१३ मे

खांब कोरडा. पोरगा घरी आला! वाळलाय. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभाच राहिला. चाळिशीचा बाप्या, आणि केसांना तोच वास, लहानपणी धक्क्यावरून यायचा तेव्हाचा.

मेंढी कापली. अख्खं गाव जेवलं, दुकानातल्या बायकासुद्धा. कोणी तासकुमचा त सुद्धा काढला नाही. चांगली माणसं आहेत माझी.

१९ मे

खांब कोरडा.

तासबोलात फार बोलत नाही. म्हटलं, चल, ज्याने तुला सोडवलं त्या खांबाला बघून तरी ये. नंतर, म्हणाला. कोंडून ठेवलेल्या माणसाला वेळ लागतो.

२७ मे

खांब कोरडा. वारा नाही.

तासकुमवर परक्या सात बोटी. ओरिनबासार सांगायला आला. "यंत्रावर मोजलं. खांबापासून सव्वीस. नियमाने आलेत," म्हणाला. राग नव्हता आवाजात, तेच वाईट. अकरा घरांतली दोन अक्ताउला जायचं म्हणतायत, गोदीत काम बघायला.

तासबोलात बाजूला बसला होता. उठून बाहेर गेला.

२ जून

सकाळी ओरिनबासार स्वतःची जाळी देऊन गेला. नवी, हिवाळाभर विणलेली. "तुझी त्यांनी ठेवून घेतली असतील. मला आता एवढी लागत नाहीत," तासबोलातला म्हणाला, आणि चहाला न थांबता गेला.

तासबोलात त्या जाळ्यांकडे बघत राहिला. मग सांगितलं. त्याने जाळी टाकली होती ती विसाव्या मैलावर. "त्यांच्या खांबापासून मोजलं तरी वीस, आपा." गस्त दिसली तशी कापून टाकली आणि बाहेर पळाला. गाठलं तोवर अठ्ठावीस झाले होते.

याचंही कलम आहे. पाठलाग आत सुरू झाला असेल तर बाहेर धरता येतं. मी ते वाचलं होतं. आपल्याला काय करायचंय म्हणून पान उलटलं होतं.

जाळी दारात आहेत. ओरिनबासारकडे जायचंय, दोघांनी, हे सांगायला.

खांब पाहिला नाही.