तक्रारीस कारण की

४ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, मोजून सहा ओळी आणि त्यातल्या दोन हवामानाच्या. फोनवर तू नुसतं हो हो करतेस म्हणून पत्राची अट घातली, तर तिथेही काटकसर! तुझे आतोबा म्हणतात, नोकरीवाल्या पोरीला छळू नकोस. मी कुठे छळते, नुसतं सांगते आहे.

इकडे सगळं छान. शाळेतून निवृत्त झाले तरी गाणं शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. दर मंगळवारी आणि शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं गायनमंडळ जमतं. सव्वीस गळे आहेत. बेकरीवाला आहे, दातांची डॉक्टरीण आहे, पोस्टातल्या शिक्केवाल्या बाई आहेत. स्वरलिपी एकालाही वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याचे वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही आवाज मी स्वतः गाऊन तुमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरते आणि ज्याचा त्याचा आवाज थोडा मोठा करून त्याला पाठवते. बेकरीवाला भट्टीसमोर ऐकतो, शिक्केवाल्या बाई शिक्के मारता मारता ऐकतात, आणि आठवड्याभरात गाणं पाठ. ही सोय नसती तर मंडळ कधीच मोडलं असतं.

वाचनालयाचा कॉम्प्युटर तुझ्याच वयाचा असावा. ग्रंथपालांनी त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं म्हणून तो अजून उभा आहे. त्यावर चालणारी आवृत्ती तू आणि तुझा तो दाढीवाला सहकारी शुक्रवारी दुपारी, बाकीची कामं उरकून, हौसेने करता हे मी येईल त्याला ऐकवते. कंपनीने तर तिच्यावर स्वच्छ लिहून ठेवलंय, की हिला आमच्याकडून मदत मिळणार नाही, वापरणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं. घेतो हो आम्ही! इंटरनेटवर आमचा कट्टा आहे आणि तिथे मी आत्याबाई म्हणून प्रसिद्ध आहे. तुम्हा कंपनीवाल्यांना तिकडे फिरकायची बंदी, नाहीतर माझा रुबाब पाहिला असतास. चार वर्षांपूर्वी मीच तिथे नियम घालून दिला: काही अडलं तर कट्ट्यावर सोडवायचं, कंपनीला एका अक्षराने कळवायचं नाही. पोरीने हौसेने केलेलं काम, त्यात आपण खोट काढली तर तिच्या ऑफिसातल्या वरिष्ठ बाई तिलाच बोलतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षांत इकडून एकही तक्रार गेलेली नाही.

१९ एप्रिलला वाचनालयाला पन्नास वर्षं होतात, तेव्हा आमचा कार्यक्रम आहे. तुला सुट्टी मिळायची नाही हे ठाऊक आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. दूध रात्रीचं घेतेस ना? प्रकृतीला जप.

लोभ आमचा आहेच, तुझाही असेल असं धरून चालते.
तुझी आत्या

ता. क. मी, आतोबा. घड्याळांच्या दुकानातून वेळ काढून लिहितो. हिचं काम सेव्ह होताना कॉम्प्युटरचा पडदा दोन मिनिटं पांढरा होतो. ही तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन येते आणि याला सोय म्हणते.

*

११ फेब्रुवारी

ती. आत्यास आणि ती. आतोबांस, सा. न. वि. वि.

आत्या, यावेळी सहा ओळींत भागणार नाही. बातमी वाईट आहे. लिनक्सची आवृत्ती मार्चअखेर बंद होणार.

सोमवारी आमच्या बाईंनी बैठक बोलावली. भिंतीवर तक्ता लावला. विंडोज आणि मॅक या बाकीच्या दोन आवृत्त्यांच्या वर्षभरातल्या तक्रारी अकराशेच्या वर. आमच्या रकान्यात शून्य. मी म्हटलं, लोक ती उतरवून घेतात की. बाई म्हणाल्या, उतरवून घेणं म्हणजे वापरणं नव्हे, आणि परवाना सगळ्यांना एकच असल्यामुळे कोण कशावर काम करतं ते कळत नाही. त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवात जी गोष्ट लोक वापरतात तिच्याबद्दल लोक कुरकुरतात. कुरकुर नाही म्हणजे माणसं नाहीत. दाढीवाला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. चार वर्षांचे शुक्रवार होते, आत्या. जागेवर येऊन नुसती बसून राहिले.

घरी आले तर तुझं पत्र. ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं, तो रकाना तू रिकामा ठेवलास! माझ्यावरच्या मायेपोटी ठेवलास हे कळतं, म्हणून तर रागावताही येत नाही. पण बाईंच्या लेखी तू नाहीस, तुझा कट्टा नाही, सव्वीस गळे नाहीत. आत्ता आहे ती प्रत थोडे दिवस चालेल. मग ग्रंथपाल कधीतरी कॉम्प्युटर अद्ययावत करतील आणि ती उघडणारच नाही.

तेव्हा एकच मागणं आहे: तक्रार कर. कट्ट्यावरच्या सगळ्यांना करायला सांग. खोटी एकही नको, खऱ्याच पुरतील. पद्धत सोपी आहे. एका पत्रात एकच दोष. काय केलं, काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं लिहायचं. स्तुती नको, क्षमा तर मुळीच मागू नकोस. आणि मला नाही, कंपनीच्या पत्त्यावर पाठव. मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही हे तूच मला शिकवलंस ना?

(दूध घेते.)

लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, पण तक्रार कर.
तुझी ठकू

*

२० फेब्रुवारी

चि. ठकूस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चांगलं करायला गेले आणि तुझ्याच मुळावर उठले. आतोबांनी समजूत काढली, पण मधेच त्यांना हसू आलं, म्हणून त्यांच्याशीही दोन दिवस अबोला.

मग तक्रार लिहायला बसले. आयुष्यात कधी कुणाची तक्रार केली नाही, गं. दूधवाल्याने पाणी घातलं तर मी पातेलं जास्त वेळ उकळते. पहिल्या मसुद्यात लिहिलं, की आपलं सॉफ्टवेअर अत्युत्तम असून पडदा पांढरा होतो तो बहुधा आमच्या खिडकीतल्या उजेडामुळे. आतोबांनी कागद मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, ही तक्रार आहे की शिफारसपत्र. मग ते जवळ बसले. ते एकेक वाक्य खोडत गेले आणि मी एकेक पुन्हा घालत गेले. भीड भिकेची बहीण, असं चार वेळा ऐकवलं मला. शेवटी दोन दिवसांत नऊ तक्रारी तयार झाल्या. पहिल्या पत्राच्या सुरुवातीला कृपया राग मानू नये एवढं मात्र मी त्यांच्या नकळत घातलंच.

नववी तक्रार तुला सांगते, कारण तिची लाज वाटते. तिसऱ्यांदा भरलेला आवाज पाव मात्रा मागे सरकतो. दर वेळी मी तो हाताने पुढे ढकलते, कट्ट्यावर एका बाहुल्यांच्या खेळवाल्याने ती युक्ती शिकवली. पण कार्यक्रमाच्या गाण्यात ढकलायला विसरले. खालच्या आवाजाच्या नऊ जणी नोव्हेंबरापासून पाव मात्रा मागून गायला शिकल्या आहेत आणि माझ्या लक्षात आलं ते जानेवारीत. आता कुठल्या तोंडाने सांगू, की बायांनो, तुमचं नाही, माझं चुकलं!

कट्ट्यावर नियम मागे घेतला. तुझं नाव न घेता एवढंच लिहिलं, की आपल्या गप्प बसण्याने ही आवृत्ती बंद पडते आहे. मग बाहुलीवाला म्हणाला, त्याच्याकडे वही आहे. ऑर्गन दुरुस्त करणारे आजोबा म्हणाले, त्यांच्याकडे दोन वह्या आहेत. ठकू, प्रत्येकाकडे होतं काही ना काही! माझ्या एका शब्दाखातर ही माणसं चार वर्षं सोसत होती. मला रडूच आलं.

आशीर्वाद आहेतच. नऊही पोहोचल्या का, तेवढं कळव.
तुझी आत्या

*

१२ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पोहोचल्या! नऊच काय, चारशे बारा पोहोचल्या. तक्रारींची नोंद ठेवणारी मुलगी पहिल्या दिवशी हसत आली, तिसऱ्या दिवशी घाबरत आणि आठव्या दिवशी खुर्ची घेऊन माझ्याशेजारीच बसली. तुझं कृपया राग मानू नये तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलंय. येणारा जाणारा वाचतो.

पण गंमत पुढेच आहे. तुमच्या निम्म्याहून जास्त तक्रारींच्या खाली इलाजही लिहिलेला होता. असं होतं, आम्ही असं करून भागवतो, तुम्ही मुळातच दुरुस्त केलंत तर बरं. बाईंनी सगळ्या घरी नेऊन वाचल्या. सोमवारी येऊन म्हणाल्या, की पैसे देऊन मदत घेणारे लोक त्यांना इतकं नीट कधी लिहीत नाहीत. मग मला विचारलं, एवढी माणसं होती तर इतकी वर्षं गप्प का होती. मी सांगितलं, माझी आत्या आहे. त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्या हसल्या.

आवृत्ती राहणार आहे, आत्या. शुक्रवारच्या दुपारऐवजी आता मला आणि दाढीवाल्याला आठवड्याचे पूर्ण दोन दिवस. कंपनी मदत करणार नाही ही ओळ तशीच राहील आणि तुमचा कट्टाही. बाईंच्या मते तुमच्याइतकं चांगलं आम्हाला जमणारही नाही. तक्रारी मात्र यापुढे वाचल्या जातील. त्या दिवशी मी आणि दाढीवाल्याने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. इतकी खुशीत मी कितीतरी दिवसांत नव्हते.

सगळ्यात आधी तुझा नववा दोष काढला. नवी प्रत ग्रंथपालांकडे पाठवली आहे. तुझी जुनी गाणीही त्यात उघड, तिसरा आवाज आपोआप जागेवर येईल. ढकलायला नको. खालच्या नऊ जणींना काही सांगायलाही नको.

लोभ होता तेवढा पुन्हा सुरू करावा.
तुझी ठकू

ता. क. आतोबा, पडदा आता पांढरा होणार नाही. चहाचं मात्र तुम्ही बघा.

*

२७ मार्च

चि. ठकूस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं. बेकरीवाल्याने सगळ्यांना गोड पाव वाटले. आतोबांनी आनंद दाखवला नाही, पण त्या दिवशी दुकानात चार घड्याळं फुकट दुरुस्त केली.

आता तक्रार. नवीन प्रतीत गाणं उघडलं, सगळे आवाज जागेवर, सगळ्यांना पाठवलं. शनिवारी उभे राहिलो, पहिलं कडवं सुरू झालं, खालच्या नऊ जणी बरोबर वेळेवर आल्या आणि गाणं थांबलं. कुणी थांबवलं नाही, आपोआपच थांबलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिक्केवाल्या बाई म्हणाल्या, काहीतरी हरवलंय. शेवटी मी सगळं खरं सांगून टाकलं. रागावलं कुणीच नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, की आम्ही मागून यायचो म्हणून पुढचे वाट बघायचे, ते आम्हाला आवडत होतं. मग जुन्या पद्धतीने गायलो आणि ठकू, मी चाळीस वर्षं गाणं शिकवलं, पण तसं मला कधी शिकवता आलं नव्हतं. तेव्हा तो दोष पुन्हा घाल. सगळ्यांना नको, ज्याला हवा त्याला घेता येईल असा कुठेतरी कोपऱ्यात ठेव.

आणखी एक आहे. ही दहावी, कंपनीच्या पत्त्यावर पाठवता येत नाही म्हणून तुझ्याकडे.

काय केलं: गेली दोन वर्षं मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली एक खुर्ची माझी पिशवी ठेवून धरली. कुणी विचारलं तर माणूस येतंय म्हणून सांगितलं.

काय झालं: कार्यक्रम संपल्यावर पिशवी उचलून घरी आले. तुला लिहिलं, की मनाला लावून घेऊ नकोस.

काय व्हायला हवं होतं: ते तुला कळतं.

स्तुती केलेली नाही. क्षमाही मागत नाही. आतोबांनी वाचलं आणि एकही शब्द खोडला नाही.

तुझी आत्या

*

२ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पाव मात्रेचा दोष परत घातला आहे, सेटिंग्जच्या पानावर सगळ्यात खाली, एका चौकोनात खूण करायची. दाढीवाल्याने त्याला नाव दिलंय: मागच्यांची वाट बघा.

दहावी तक्रार पोहोचली. तीनदा वाचली. दोष खरा आहे आणि तो तुझ्या कॉम्प्युटरचा नाही, माझा आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणायचीस आणि मला ते सोयीचं पडायचं, म्हणून मीही कधी खोदून विचारलं नाही. बाईंकडे रजा मागायला गेले. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं तक्रार आली आहे, जागेवर जाऊन बघावी लागेल. त्यांनी आठवडा दिला.

१८ तारखेला दुपारी पोहोचते. १९ ला त्या खुर्चीवर पिशवी ठेवू नकोस, मीच लवकर येऊन बसेन.

तुझी ठकू