गोधडीला टिकलेली दोरी

उल्हासनगर, कॅम्प ५
शुक्रवार

रेवदंड्याचे नवे कप्तान राजेंद्र यांना थोरल्या बहिणीचा सप्रेम जयभीम. (होडी घेतल्यापासून तुला नुसतं राजू म्हणायची भीती वाटते.) गुडघा कसा आहे? त्याला तेल लावतोस की सगळं होडीलाच? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पार्सलमध्ये ही चिठ्ठी घालतेय. पूर्ण वाच.

साठीनंतर माणसं गुडघ्याला पट्टा घेतात, तू शिडाची होडी घेतलीस. तीही जुनी, दोऱ्या कुजलेल्या. आणि उल्हासनगरात सगळं मिळतं म्हणून नव्या दोऱ्यांचं काम माझ्या गळ्यात! सुनेला, संध्याला, घेऊन कॅम्प दोनला गेले. तिथे मुकेशशेठ दोरी किलोवर विकतो, आणि तू लिहिलेले मीटर. तो विचारतो, म्हैस केवढी आहे? होडी म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिला, मग संध्याला हळूच म्हणाला, घर में सब ठीक है ना? वर लाइफटाइम गॅरंटी. मी म्हटलं, लाइफ कुणाची, दोरीची की माझ्या भावाची? अंबरनाथला कंपनीत बावीस वर्षं पॅकिंग केलंय, मला काय दोरी शिकवतो! तेव्हा त्याने चहा मागवला आणि चार प्रकारचे तुकडे घरी नेऊन बघायला दिले.

तू सांगितलंस, एक दोरी शीड वर चढवायची, ती ताणली जाता कामा नये. ती नसेल तर शीड म्हणजे घडी घातलेली चादर. मग काय, गच्चीत चारही दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येकीवर एकेक भिजवलेली गोधडी टाकली. सकाळी बघते तर नायलॉनवरची गोधडी जमिनीला टेकलेली आणि तिच्यावर शेजारचं मांजर झोपलेलं. पांढरी मात्र जराही लवली नाही. ती पास. दुसरी दोरी हातात धरून शीड आवरायची, म्हणजे मऊ हवी. त्यासाठी तुझ्या दाजींना एक टोक धरायला दिलं आणि दुसरं मी ओढलं. ज्या दोरीने फोड आला ती बाद. (समोरच्या गच्चीतल्या बायकांना वाटलं आमचं भांडण चाललंय. त्या माझ्या बाजूने होत्या.) दोन दोऱ्या बाद झाल्यावर दाजी निळीला हात लावायच्या आधीच म्हणाले, ही एकदम मऊ आहे, आणि जिना उतरायला लागले. परत बोलावून खात्री केली. खरंच मऊ निघाली.

तुला हसू येत असेल. मला नाही येत. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू एकटा. भर वाऱ्यात दोरी तुटली तर मी भांडू कुणाशी? म्हणून जी चांगली तीच घेतली, घासाघीस न करता. (मी, घासाघीस न करता! मुकेशशेठ अजून सावरला नसेल.)

बाकी होडी म्हणजे शुद्ध येडेपणा, हे माझं मत कायम आहे. या वयात समुद्रात काय ठेवलंय?

तुझी,
द्रौपदीताई

ता. क. पार्सलमध्ये निळी दोरीच आहे. पिशवी उलटी करून झटकत बसू नको. पांढरी माझ्याजवळ आहे.

आणखी ता. क. ती मी रविवारी स्वतः घेऊन येतेय. चौसष्ट वर्षांची झाले, एकदाही होडीत बसले नाही. आधी मला बसव, मग दोरी देईन. पोहता येत नाही मला, गोधड्या काय उगाच भिजवल्या? दाजींना सांगितलंय, तुझा गुडघा बघायला जातेय. त्यांचा फोन आला तर जरा कण्ह.