घमेलं कोरडं आहे

२० सप्टेंबर
आजपासून फक्त काम. तक्रारी बंद.
जुन्या लाल ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल गळतंय. उचललेला नांगर वर टिकत नाही, हळूहळू खाली बसतो. मल्हार, माझा धाकटा भाऊ, म्हणाला, "ताई, दसऱ्याला नांगर वर राह्यला तर ट्रॅक्टर तुझा. न्हाई राह्यला तर दौंडला एक्स्चेंजला जाणार, आन् नव्याला तू हात लावायचा न्हाई." मी लगेच हो म्हटलं. या ट्रॅक्टरवर आबांनी, माझ्या वडिलांनी, मला घडवलं आहे. बाराखडीच्या आधी मला पान्यांचे नंबर येत होते.
आबा बाजेवर पडून ऐकत होते. काही बोलले नाहीत. म्हणजे ते माझ्या बाजूने आहेत.

२१ सप्टेंबर
गळती सापडली. मागच्या पेटीच्या झाकणातून, अगदी तळाशी. पॅकिंग गेलं आहे. सोपं काम.

२४ सप्टेंबर
सोपं काम उद्यावर. आज न्हावऱ्याहून पॅकिंगची शीट आणली. दुकानदार म्हणाला, मालकाला फोन लावा, जाडी विचारतो. मी जाडी सांगितली. तरी तो फोनची वाट बघत राहिला. यापुढे अशा माणसांवर शाई खर्च करायची नाही.

२५ सप्टेंबर
झाकणावर शीट धरून हातोडीने कडा ठोकत पॅकिंग कापलं, आबांच्या पद्धतीने. एका बाजूला जरा तिरकं गेलं. वरून शेलॅकचा चिकट थर लावल्यावर तिरकं काय नि सरळ काय. तेल फडक्यातून गाळून परत भरलं.
आबांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि डोळे मिटले. समाधान असावं.

२६ सप्टेंबर
गळतंय. खाली घमेलं ठेवलं. संध्याकाळपर्यंत अर्धं भरलं. नवीन पॅकिंग बसायला वेळ लागतोच.
मल्हार म्हणाला, "त्याला लंगोट बांध." मी बोल्ट थोडे आवळले.

२७ सप्टेंबर, सकाळ
घमेल्यात तळाला चार थेंब! आवळल्याचा परिणाम. दसऱ्यानंतर गावातली लहानसहान कामं घ्यायला हरकत नाही.
आई दसऱ्याच्या आवराआवरीला लागली आहे. गोठ्याचे खांब काळेभोर, चकचकीत दिसतायत.

२८ सप्टेंबर
घमेलं जवळजवळ कोरडं. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा आता कुरकुरत नाहीत. माझ्या कामाचा उत्साह सगळ्या घराला लागला आहे.
डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघायला हवी. पण आबांचा नियम आहे, उतारावर उभ्या ट्रॅक्टरची डिपस्टिक खोटं बोलते. शेडला उतार आहे. सपाटीवर काढला की बघेन.

३० सप्टेंबर
अंगणात चिखल. ट्रॅक्टर बाहेर काढला नाही. उद्या नक्की.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. आईने पहाटेच पाने, हातोडी, विळे, खुरपी पूजेला मांडली. ट्रॅक्टरला हळदकुंकू, झेंडूची माळ. डिपस्टिकच्या कडीलाही कुंकू. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली.
डिपस्टिक हत्यार होते का, यावर मी बराच विचार केला. कुंकू पुसणं काही मनाला पटेना. शिवाय घमेलं आज धुतल्यासारखं स्वच्छ आहे. आणखी पुरावा कशाला?
मल्हारला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." आवाजात भीती होती.

२ ऑक्टोबर, दुपार
दसरा. सगळे अंगणात जमले. मी लीव्हर ओढला. नांगर जागचा हलला नाही. पंप नुसता केकाटला. पुन्हा ओढला. पुन्हा केकाटला.
आबा बाजेवरून म्हणाले, "त्याल बघितलंस का गं?"
डिपस्टिक काढली. टोकालाही तेल नव्हतं. कडीला कुंकू होतं.
आईला विचारलं. म्हणाली, "घमेलं भरून सांडाय लागलं, म्हणून रोज खांबाला लावलं. वाळवी लागती. वाया घालवायचं व्हय? मला वाटलं, माझ्यासाठीच ठिवतीस."
तिला दोष देता येत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.
मल्हार हसला नाही. हसायला हवा होता.

संध्याकाळ
मल्हार दौंडला गेला. आबाही गेले, नवा सदरा घालून. हा सदरा कधी शिवला, असं आईला विचारलं. "गणपतीतच की. ट्रॅक्टरचं बुकिंग केलं तवा."
म्हणजे पैज लागायच्या आधी. आबांना ठाऊक होतं.
आईने त्यावर म्हटलं, "तुला कामात गुतवून ठिवायचं व्हतं. लई रडली असतीस."

३ ऑक्टोबर
सकाळी जुना ट्रॅक्टर दोरखंडाने ओढून नेला. मी आधी धुऊन दिला. पॅकिंगची तिरकी कड तेवढी झाकणाबाहेर दिसत होती. कुणाला कळणार नाही.
नवा रात्रीच आला. त्याची किल्ली मल्हारच्या खिशात. आबा मडगार्डवर बसून बांधापर्यंत जाऊन आले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? नांगर कसा वर ऱ्हातो." मी म्हटलं, हो.
दिवेलागणीला आई नव्या ट्रॅक्टरखाली घमेलं सरकवत होती. म्हणाली, "येक खांब राह्यलाय. ह्ये कवा गळाय लागंल?"
मी घमेलं काढलं नाही. फक्त बरोबर झाकणाखाली येईल असं जरा डावीकडे सरकवलं.