भवानीच्या वेळी आलेली पदवीधर

क्वी न्योन, मंगळवार

तीर्थस्वरूप साउ मावशी,

तुला आणि काकांना वाकून नमस्कार. आधी एक प्रश्न विचारून टाकते, म्हणजे तो डोक्यातून उतरेल आणि मला तुमची खुशाली नीट विचारता येईल. मी लहान असताना पहिली वाटी विकली जाईपर्यंत आई मला गाड्यावर का येऊ देत नसे? मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे, तीन दिवस विचार केला, तरी येत नाही. असो. तुझ्या गुडघ्याला आराम आहे ना? मिरीचे वेल काय म्हणतात? काकांनी सिगारेट सोडली, की फक्त घरात ओढणं सोडलं? (हे फोनवरही विचारता आलं असतं, पण तुझी सून माझे निरोप साऱ्या घराला मोठ्याने वाचून दाखवते आणि पुढचा मजकूर तसा नाही. म्हणून हे पत्र तुमच्या प्लेकूच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर, सुक्या माकुळ मासळीच्या पुडक्यात घालून पाठवते आहे. वास येईल, तो माकुळाचा आहे.)

तर, मला पर्यटनाच्या कार्यालयात तात्पुरती नोकरी लागली हे तुला आईने सांगितलं असेलच, बहुधा चारदा. पहिलंच काम मिळालं ते 'आमच्या शहरात येऊन खावेत असे दहा पदार्थ' ही यादी करण्याचं. आजवर ही यादी खुर्चीवर बसून लिहिली जात असे आणि तीत आमच्या तोआन साहेबांच्या मेहुण्याचं हॉटेल तीन वेगवेगळ्या नावांनी येत असे. मी ठरवलं, या शहराला एक तरी न्याय्य यादी मिळाली पाहिजे. मी नियम केले. फुकट काही खायचं नाही. नातेवाइकांचं नाव घालायचं नाही (म्हणजे आईच्या माशाच्या वड्यांच्या शेवया बाद, ज्या इथला कुठलाही माणूस पहिल्या क्रमांकावर घालेल). रस्सा ताजा असताना आणि विकणाऱ्या बाईला गर्दीची घाई नसताना, म्हणजे पहाटे पहाटे जायचं. पहिल्या दिवशी फक्त पाहायचं आणि विचारायचं, खायचं दुसऱ्या दिवशी, कारण भरल्या पोटी निष्पक्षपणा राहत नाही. शिवाय बावीस प्रश्नांचा एक अर्ज चांगल्या जाड कागदावर छापून घेतला. मावशी, तुला चूक एव्हाना दिसली असेल. मला ती दिसायला तीन दिवस लागले.

पहिल्या पहाटे मी थाम काकूंकडे गेले, त्या कोळंबीच्या कुरकुरीत घावनांवाल्या. त्यांनी नुकताच तवा ठेवला होता. मी कोळंबी कुठल्या जाळ्यातली ते विचारलं, पीठ चमच्यावर घेऊन पाहिलं, पानांच्या टोपलीत वाकून वास घेतला, अर्ज दिला, आभार मानले आणि काही न खाता निघाले. तिथून आतड्यांच्या पेजेवाल्या आजींकडे, तिथून जेलीफिशच्या शेवयांवालीकडे, मग पानांत बांधलेले चिकट तांदळाचे काळे गोळे विकणाऱ्या दोघी बहिणींकडे. सहा वाजेपर्यंत सात ठिकाणी जाऊन आले. सातही ठिकाणी बहुधा पहिलं पाऊल माझंच होतं आणि सातही ठिकाणांहून मी काही न घेता परतले. मला मात्र एवढंच जाणवत होतं की अर्ज फार उत्साहाने घेतले जात आहेत. पेजेवाल्या आजींनी तर दोन मागून घेतले. कार्यालयात मी सांगितलं, प्रतिसाद अपेक्षेपेक्षा चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन, उपाशीपोटी, खायला गेले, तर मला लांबून पाहूनच हाकारे सुरू झाले. "अगं, पदवीधर आली गं, काडेपेटी कुठंय?" थाम काकूंनी तव्यावर झाकणच घातलं आणि म्हणाल्या, पीठ संपलं. (पीठ घमेलंभर समोर होतं.) तिसऱ्या दिवशी मी अर्ज परत घ्यायला गेले, तेव्हा उलगडा झाला. मी पाठ फिरवली की त्या बाया माझाच अर्ज पेटवून गाड्याभोवती, पातेल्याभोवती, स्टुलांच्या खालून फिरवत होत्या. भवानीच्या वेळी येऊन रिकाम्या हाती गेलेल्या बाईचा पाय जाळून काढायला नको का? कागद जाड आहे, छान जळतो, असं जेलीफिशवालीने मनापासून सांगितलं. बावीस प्रश्नांना मला मिळालेलं हे एकमेव उत्तर.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी थाम काकूंना समजावू लागले.

"काकू, हा योगायोग आहे. एका दिवसाच्या विक्रीवरून काही सिद्ध होत नाही."

"मग त्या योगायोगाला बोलव, माझं उरलेलं पीठ खाऊन जाईल."

"पण पायगुण असं काही नसतंच."

"नसतं? मग तुझी आई तुला भवानी होईस्तोवर गाड्याजवळ फिरकू का देत नव्हती गं? 'जा, अभ्यास कर' म्हणून पिटाळायची. आम्ही म्हणायचो, बया हुशार, पोरीचा पाय ओळखून आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि वहीत काहीतरी लिहितेय असं दाखवलं. नंतर पाहिलं तर मी तिथे चार वेळा 'कोळंबी' लिहिलं होतं.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. कार्यालयात खुर्चीवरून उठून खिडकीशी जाते, खिडकीशी गेले की कशाला आले ते आठवत नाही. समुद्राकाठी चालते आणि होड्या मोजते. मला ते सगळं स्वच्छ आठवतं गं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली मी दप्तरावर बसून धडे पाठ करायचे आणि आईने पळी उंच करून हलवली की धावत जायचे. मला वाटायचं, माझ्या शिक्षणासाठी ती पहाटे एकटी राबते. त्या खांबाखाली मी सगळी शाळा शिकले. आता तो खांब दिसला की मी रस्ता बदलते. आईला विचारायला तीनदा तोंड उघडलं. तिला वाटलं पोट बिघडलंय. तिन्ही वेळा आल्याचा काढा प्यावा लागला.

सोमवारी यादी द्यायची आहे. फोटो छापायचा तर प्रत्येक गाडेवालीची सही लागते, आणि माझ्याकडे एकही सही नाही. सही नाही तर यादी नाही, आणि यादी नाही तर पुन्हा मेहुण्याचं हॉटेल. बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप.

तुझी,
न्यान

ता. क. आता पत्राचं खरं कारण. पायगुणावर माझा काडीचा विश्वास नाही, हे तुला माहीत आहेच. पण नवीन वर्षाच्या सकाळी उंबरा आधी तू ओलांडावास म्हणून अर्धी गल्ली तुला आदल्या दिवशी सांगून ठेवायची, हेही खरं. तर गुरुवारच्या बसने ये. शुक्रवार ते रविवार, रोज तीन गाड्यांवर पहिलं गिऱ्हाईक व्हायचं, पोटभर खायचं, घासाघीस करायची नाही, आणि हात पुसता पुसता सहीचा विषय काढायचा. कोण किती वाजता गाडा लावतं त्याचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. हे निव्वळ कार्यालयीन काम आहे. तिकीटही पाकिटात आहे, ते परत होत नाही.

ता. क. २ (बुधवार, सकाळी सात, बसच्या थांब्यावर, पाकीट पुन्हा उघडून) तू ये, पण वरच्या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस. काल तुझ्या वेळापत्रकात गाडे नऊच घातले, कारण यादीत दहावा आईचा लिहिला आहे. नियम माझा होता, मीच खोडला. तिची सही तेवढी मीच आणायची होती, म्हणून आज पाच वाजता, अजून कोणी यायच्या आत, तिच्या पहिल्या स्टुलावर जाऊन बसले. आईची पळी पातेल्यावर थांबली.

"आज अभ्यास नाही?"

"संपला. एक वाटी दे, वड्या जास्त."

तिने वाटी भरली. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, सही घेतली, नोट पुढे केली. ती तिने दोन्ही हातांनी घेतली आणि पातेल्याच्या झाकणाला, पानांच्या टोपलीला, सहाही स्टुलांना टेकवली, जशी ती रोज भवानीची नोट टेकवते. तेवढ्यात तिच्या ॲप्रनच्या खिशात काडेपेटी दिसली. ती तिथे नेहमीच असते, शेगडीसाठी. मी उठले आणि ठरवलं, खांब ओलांडेपर्यंत मागे बघायचं नाही. काहीतरी जळल्याचा वास आला, शेगडीचाही असेल. खांब ओलांडला. बघितलं नाही.