आबांचं पहिलं इंजेक्शन

३ मार्च, बारामती, हॉस्टेल
आजपासून इंजेक्शनची प्रॅक्टिस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात माझ्याइतका हलका हात कुणाचा नाही. दिवसभर रबरी दंडाला टोचलं, त्याने हूं की चूं केलं नाही.
सणसरहून आबांचा फोन. डॉक्टरांनी शुगरसाठी इन्शुलिन लिहून दिलंय, पण आबा सुईला भितात. म्हणाले, "घेईन तर माझ्या माऊलीच्याच हातनं." माऊली म्हणजे मी. संकल्प: महिन्याच्या आत एक्स्पर्ट.

७ मार्च
वॉर्डात पहिला खरा पेशंट. सुई वर धरली आणि मी आडवा. नाश्त्याचे पोहे बाधले. पेशंटनेच उठून मला पाणी पाजलं. चांगला माणूस.

१२ मार्च
पुन्हा आडवा. पंखा बंद होता. बॅचमधली राजेश्वरी म्हणते, सुई दिसली की तुझे डोळे पांढरे होतात. तिला निरीक्षणाची सवय नाही. तरी उपाय सापडला: सुईकडे बघायचंच नाही.

१९ मार्च
आम्हाला शिकवणाऱ्या विनया मॅडम म्हणाल्या, या महिन्यात जमलं नाही तर दुसरी वाट बघ. वाट एकच. लोणी देवकरच्या एका कंपनीत चुलत्याने जागा बघून ठेवलीय. तिकडे मशीन, घरी ऊस, इथे सुई. कुठूनच सुटका नाही. रात्री रडू आलं. धुळीची ॲलर्जी असावी.

२४ मार्च
आईचा फोन. "शुगर लई वाढलीया. पाय बधिर पडत्यात. डाक्टर रागावलं, पर तुजे आबा म्हणत्यात, पोरगं यिऊं दे." पाडव्याला येतो म्हणालो. खरं सांगणार होतो, पण रेंज गेली. म्हणजे गेली नव्हती, पण जाऊ शकली असती.

३० मार्च, पाडवा, सणसर, दुपारी
निम्मी आळी ओसरीवर जमलेली. आबांनी शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले. मीही मिटले. पोट चिमटीत धरलं, टेकवलं, दाबलं. पडलो नाही! आबा म्हणाले, "आरं, कळलंबी न्हाय! पोराच्या हाताला गुण हाय." टाळ्या पडल्या. आईने डोळे पुसले. जन्मात एवढा आनंद झाला नव्हता.
आत येऊन इन्शुलिनचं पेन पाहिलं. सुईचं टोपण काढायचंच राहिलं होतं. औषध सगळं टोपणात.
सांगणार आहे. आत्ताच. पण बाहेर आबा म्हणतायत, "आता सुई घेतलीया, भ्या कशाचं?" आणि श्रीखंडाची दुसरी वाटी मागतायत. आई हसत वाढतेय. एवढी ओळ झाली की उठतोच.